लांबच्याची सावली

माझ्या मामाचं चष्म्यांचं दुकान होतं. दुकानात कुणीही आलं की मामा कपाळावरचा चष्मा नाकावर ओढायचा आणि विचारायचा, "लांबचं की जवळचं?" म्हणजे काय दिसत नाही, लांबचं की जवळचं. बहुतेकांची तक्रार जवळचीच असायची. चाळिशी लागली, सुईत दोरा जात नाही, औषधाच्या बाटलीवरचं वाचता येत नाही. मामा त्यांना अक्षरांच्या पाटीसमोर बसवायचा, नाकावर ती जड गोल चौकट चढवायचा आणि भिंगं बदलता बदलता म्हणायचा, "जवळचं सगळ्यांचंच जातं हो, त्याचं काय वाईट वाटून घ्यायचं? माझं मात्र लांबचंच राहून गेलंय."

गिऱ्हाईक हसायचं. मामालाही हसवायचंच असायचं, पण तो सगळाच विनोद नव्हता.

राहून गेलं ते असं. शाळेच्या शेवटच्या परीक्षेत तो पहिला आला आणि भौतिकशास्त्र शिकायला त्याला दूरच्या शहरात प्रवेश मिळाला. ट्रंक भरून दाराशी ठेवली होती. त्याच उन्हाळ्यात आजोबा दुकानाच्या मागच्या खोलीत, काच घासायच्या चाकापाशी बसल्या जागी गेले. ट्रंक उघडली, कपडे पुन्हा कपाटात गेले आणि मामा आजोबांच्या स्टुलावर बसला. बस असं त्याला कुणी म्हणालं नाही, आणि बसू नकोस असंही कुणी म्हणालं नाही.

माझी आई त्याची धाकटी बहीण, तेव्हा शाळेत होती. मामा तिला चिमणी म्हणायचा. आई सांगते की पहिलं वर्षभर दादाने जेवताना मान वर केली नाही. दुकानातून यायचा, ताटावर बसायचा, भात कालवून तसाच उठायचा. शेवटी एक दिवस तीच त्याला म्हणाली, "दादा, आपल्याकडे घासायची पूड आहे, पाणी आहे, हात आहेत. दुर्बीण का नाही करायची?"

"चिमणे, दुर्बिणीला चष्म्याची काच चालत नाही. जाड लागते."

"मग जाड आणू."

भंगारवाल्याकडे मोडीत निघालेल्या बोटीच्या गोल खिडक्या होत्या. त्यातल्या दोन काचा त्यांनी आणल्या. एक काच पिंपावर पक्की बसवायची, तिच्यावर पूड आणि पाणी टाकायचं, वर दुसरी धरून पुढे-मागे घासायची, आणि घासता घासता पिंपाभोवती फिरत राहायचं. असं महिनोन् महिने केलं की वरची काच मधोमध वाटीसारखी खोल होते. मग तिला आरशासारखं चकचकीत करायचं. आजी म्हणायची, "घाण्याला जुंपल्यासारखी काय फिरताय दोघं? त्यातून तेल तरी निघालं असतं." पण दादा जेवायला लागला होता, म्हणून तिने पिंप अंगणात हलवायला लावलं नाही. रोज संध्याकाळी दुकान बंद झालं की मागच्या खोलीतून तो खसखस आवाज यायचा. दोघांच्या नखांत कायम पांढरी राबडी. आईला शाळेत बाईंनी हात पुढे करायला लावले, तेव्हा तिने सांगितलं, "दुर्बीण करतोय." बाईंना ते खरं वाटलं नाही.

दुर्बीण झाली. पत्र्याची लांब नळी, ती टेकवायला लाकडी घोडा, तळाशी आरसा. पहिल्यांदा शनी दिसला तेव्हा आई मोठमोठ्याने हसत सुटली. का, ते तिला आजही सांगता येत नाही. "अगं, चित्रात असतो तसाच होता," एवढंच म्हणते.

त्यानंतर दोन हिवाळे दोघांनी आकाशात जे जे सापडेल ते पाहिलं. आणि मग आईचं लग्न ठरलं. सासर एक पूर्ण दिवसाच्या बसप्रवासावर. दुर्बीण मामाकडे राहिली. ती राहणारच होती. मुलीच्या सामानात दुर्बीण कोण देतं? बसपाशी मामा म्हणाला, "दर वर्षी महिनाभर ये. आभाळ कुठं पळून जात नाही." आई एकदोन वर्षं गेलीही. मग मी झाले, मग तिच्या सासूबाईंचं दुखणं निघालं, मग माझ्या वडिलांचं. महिन्याचे आठ दिवस झाले, आठाचे दोन, आणि त्या दोन दिवसांत आभाळ भरून आलेलं असायचं.

रविवारी फोन व्हायचा. तब्येतपाणी झालं की आई विचारायची, "या आठवड्यात काय काय दिसलं रे?" मामा सांगायचा. आई ऐकताना भिंतीकडे तोंड करून उभी राहायची, आणि आम्ही मधे बोललो तर हात हलवून गप्प करायची.

मामाचं लग्न उशिरा झालं. मामी बोलायला खमकी आणि मनाने मऊ. तिला आकाशात चंद्राच्या पलीकडे काही नको होतं, पण मामा गच्चीवर असला की ती स्वेटर घेऊन वर जायची आणि न बोलता त्याच्या खांद्यावर टाकून यायची.

मामा पन्नाशीला आला होता तेव्हाची गोष्ट. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळी आल्या. सूर्यमालेच्या अगदी टोकाला, नेपच्यूनच्याही कितीतरी पलीकडे एक छोटंसं जग सापडलं होतं. ग्रह म्हणावा एवढं मोठं नाही, दगड म्हणावा एवढं लहान नाही. सूर्याचा उजेड तिथं पोचायला अर्धा दिवस लागतो आणि त्याची सूर्याभोवतीची एक फेरी हजारेक वर्षांची. त्याला अजून नाव नव्हतं, नुसती अक्षरं आणि आकडे होते. ते काही तोंडात बसेनात, म्हणून मामा त्याला 'लांबचा' म्हणायला लागला.

मामीने आठवडाभर सहन केलं. "आज लांबचा कुठे असेल?", "लांबच्याकडे आत्ता काय उजेड पडला असेल!" असं घरात चालू झाल्यावर तिला वाटलं, कुणी दूरचे नातेवाईक येऊन टेकणार आहेत. तिने जास्तीच्या चादरी धुवून ठेवल्या. खरं काय ते कळल्यावर कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अहो, घरात जवळचे काय कमी पडले म्हणून लांबच्याच्या मागे लागलात?"

"मागे लागून तो हाती लागणार आहे थोडाच? माझ्या दुर्बिणीतून तो दिसतसुद्धा नाही. त्याला डोंगराएवढी दुर्बीण लागते."

"मग रोज तिकडे नळी लावून काय बघता?"

मामाने विचार केला. मामी ही गोष्ट सांगताना हा विचारही करून दाखवते, हनुवटी चोळत. मग तो म्हणाला, "तो तिथं आहे हे कळल्यावर न बघता कसं राहायचं?"

आणि खरंच, तो भाग आकाशात वर असण्याच्या ऋतूत मामा संध्याकाळी दुकान बंद करून गच्चीवर जायचा, दुर्बीण त्या जागेवर लावायचा आणि तिथले बारीक बारीक तारे बघत बसायचा. त्यांच्यामधल्या काळ्या जागेत कुठेतरी तो होता. मामाने त्याच्याबद्दल मिळेल ते वाचलं. त्याचा रंग तांबूस आहे, हे कळलं तेव्हा त्याने आईला रविवारची वाट न बघता फोन केला. "चिमणे, तांबूस आहे!" आईला कोण ते विचारावं लागलं नाही.

मामा स्वतः कधी कुठे गेला नाही. त्याचा सगळ्यात लांबचा प्रवास म्हणजे आमचं घर. प्रवासाची आवड नाही असं तो म्हणायचा. पण दुकानात कुणी परगावी निघालेलं माणूस काळा चष्मा घ्यायला आलं की मामा त्याला बसवून घ्यायचा. कुठली गाडी, वाटेत काय लागतं, तिथं उतरल्यावर आधी काय दिसतं, सगळं विचारायचा. चष्म्याला लागायचा त्याच्या दुप्पट वेळ तिथंच जायचा.

अशी बारा-तेरा वर्षं गेली. माझे वडील वारले. आई आणि मी दोघीच राहिलो. मामाने एक नवी, तयार दुर्बीण घेतली, ताऱ्याच्या मागोमाग आपोआप फिरणारी. जुनी गच्चीवरच्या खोलीत ताडपत्रीखाली गेली.

मग एक दिवस दुकानात एक बाई आल्या. मामाने सवयीने चष्मा ओढला, "लांबचं की जवळचं?"

"लांबचं," त्या म्हणाल्या. "फारच लांबचं."

त्या वेधशाळेत संशोधन करायच्या. आकाश बघणाऱ्या हौशी मंडळींच्या गटातून त्यांना मामाचा पत्ता मिळाला होता. मामीने नंतर त्यांचं नाव 'ताऱ्यांच्या बाई' असं पाडलं. त्यांनी दुकानातला टेबलदिवा भिंतीकडे वळवला आणि समोरून एक भिंग हळूच नेलं. भिंतीवरून गोल सावली सरकत गेली. "हे असं होणार आहे," त्या म्हणाल्या. "पुढच्या महिन्यात तुमचा तो लघुग्रह एका ताऱ्याच्या बरोबर समोरून जाणार. तेवढ्यापुरता तारा झाकला जाईल. याला आम्ही पिधान म्हणतो. ताऱ्याच्या उजेडात पडलेली त्या लघुग्रहाची सावली पृथ्वीवरून धावत जाईल. जो त्या सावलीत उभा असेल, त्याला तारा वीसएक सेकंद दिसेनासा होईल. किती वेळ गेला, कुठे गेला, कुठे नाही गेला, हे सगळं जुळवलं की तो केवढा आहे ते कळेल. आमची मोठी दुर्बीण आहे तिथून हलत नाही. सावलीच्या वाटेवर माणसं हवीत."

"आणि सावलीची वाट?"

"तुमच्या गावावरून. अगदी मधोमध."

मामी चहा घेऊन आली होती. ती सांगते, की मामाने कप घेतला आणि बशीत चहा ओतला. बशी भरली, तरी तो ओततच राहिला.

बाईंना आणखी एक माणूस हवा होता. सावलीच्या पट्ट्याच्या बाहेर, काठाला. तिथून तारा झाकला जाणार नाही असा अंदाज होता, पण झाकला गेला नाही हेसुद्धा कुणीतरी डोळ्यांनी बघायला हवं होतं. त्यावरून त्याच्या कडेचा अंदाज बांधता येतो. त्यांनी नकाशावर बोट ठेवलं. मामाने वाकून बघितलं आणि म्हणाला, "इथं माझी बहीण असते."

मामीने सुचवलं होतं, "त्यांनाच इकडे बोलवा ना. दोघं मिळून बघा." मामालाही तेच हवं होतं. पण मग तिकडचं कोण बघणार?

तो जुनी दुर्बीण घेऊन आमच्याकडे आला. घोंगडीत गुंडाळून, दोरीने बांधून, बसमध्ये खिडकीच्या सीटवर ठेवून. कंडक्टरने विचारलं, "काका, पेशंट आहे का?" मामा म्हणाला, "नाही हो, माहेरवाशीण आहे. बहिणीकडे पोचवतोय." कंडक्टरला काही कळलं नाही, पण त्याने सगळ्या प्रवासात कुणाला तिच्यावर टेकू दिलं नाही.

आईने घोंगडी सोडली. नळीच्या तोंडातून आत वाकून पाहिलं. तळाशी आरशात तिचं मोठं झालेलं तोंड दिसत असणार. ती बराच वेळ वर आली नाही. मी म्हटलं, "आई, काय बघतेस?"

"धूळ," ती म्हणाली. पण आरसा मामाने लख्ख करून आणला होता.

मामा दोन दिवस राहिला. दिवेलागणीनंतर दोघं गच्चीवर जायची. तो तारा शोधायची वाट मामा तिला पाठ करून घेत होता. "हे तीन तारे बघ. यांच्या खालच्या कोपऱ्यातून डावीकडे ये. दोन जुळे दिसतील. त्यांच्या खाली एकटा आहे, तो आपला." आईला सुरुवातीला घोड्यापाशी वाकता येईना, गुडघे बोलायचे. मग तिने स्वयंपाकघरातलं बुटकं स्टूल वर नेलं. दुसऱ्या दिवशी तिने तो तारा मामाच्या मदतीशिवाय शोधला, नळी हलवून घालवला आणि पुन्हा शोधला.

निघताना बसपाशी मामा म्हणाला, "चिमणे, एक सांगून ठेवतो. तुला बहुतेक काहीच दिसणार नाही. तारा जसाच्या तसा राहील. त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. ते न दिसणंही कामाचंच असतं."

"दादा," आई म्हणाली, "मला न दिसायची सवय आहे. तू नीट बघ म्हणजे झालं."

मामा काहीतरी बोलणार होता. पण बस सुरू झाली.

तो दिवस उजाडला तेव्हा आमच्याकडे ढग होते. दुपारी वारा सुटला आणि आभाळ धुतल्यासारखं झालं. संध्याकाळी आईने लवकरच गच्ची गाठली. बाईंनी सांगितल्याप्रमाणे आम्ही रेडिओवर सेकंदासेकंदाला पडणारे वेळेचे टोले लावले आणि फोनवर आवाज टिपायला सुरुवात केली. आईने डोळा लावायचा आणि तारा गेला तर 'गेला' म्हणायचं, आला की 'आला' म्हणायचं. दोन शब्दांचं काम. मी पाण्याच्या टाकीला टेकून उभी होते. शेजारच्या इमारतीत कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, खालून कुणीतरी स्कूटरला किका मारत होतं.

ठरलेली वेळ जवळ आली. आईने डोळा लावला आणि हात मांडीवर ठेवले. ती इतकी स्थिर बसली होती की मला भीती वाटली.

"दादा, गेला!"

मी दचकून वर पाहिलं. आकाशात अर्थातच काही फरक नव्हता. तो तारा नुसत्या डोळ्यांना दिसणारच नव्हता. आई पुन्हा हळूच म्हणाली, "अरे दादा... गेला रे." मग रेडिओचे टोले तेवढे पडत राहिले. ती श्वास घेतेय की नाही तेही कळेना. मला ते फार वेळ वाटलं.

"आला."

हा शब्द ती इतक्या बारीक आवाजात म्हणाली की नंतर बाईंना तो दोनदा ऐकावा लागला. पुढे बराच वेळ तिने डोळा काढला नाही. मग स्टुलावरून उतरून सरळ फरशीवर बसली आणि माझा हात धरून म्हणाली, "दादाला फोन लाव. त्याचा किती वेळ गेला होता, विचारू दे मला."

मामाकडे त्या वेळी काय झालं ते मामीने मला सांगितलं. आभाळ स्वच्छ होतं. नवी दुर्बीण ताऱ्यावर खिळलेली होती. मामी मुद्दाम वर थांबली होती, कारण इतक्या वर्षांनी लांबचा येतोय म्हटल्यावर घरचं माणूस म्हणून हजर राहायला हवं. वेळ झाली तशी तिला राहवेना.

"गेला का?"

"नाही."

"आता?"

"नाही."

"अहो, आता तरी?"

तो डोळा लावून तसाच उभा राहिला. सांगितलेली वेळ सरली, तिच्यानंतरची वेळही सरली, तरी उभा होता. तारा एकदाही विझला नाही. मामी म्हणते, "मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला तर शर्ट घामाने ओला. आणि हवा किती गार होती!"

आमचा फोन लागेना, कारण तोही आम्हालाच लावत होता. शेवटी लागला. आईने फोन कानाला इतका घट्ट धरला होता की मला मामाचं बोलणं ऐकायला तिच्या डोक्याला डोकं लावावं लागलं.

"दादा, तुझा किती वेळ गेला होता?"

पलीकडून नळीला झाकण लावल्याचा आवाज आला. मग, "माझा गेलाच नाही, चिमणे."

"म्हणजे?"

"म्हणजे..." मामा थांबला. "तुझा गेला का?"

"हो."

"गेला?"

"हो रे. गेला आणि आला. माझं काही चुकलं असेल का? गुडघ्याचा धक्का लागला असेल, नळी हलली असेल..."

"तारा परत आला तेव्हा त्याच जागी होता?"

"त्याच जागी."

"मग चुकलं नाही. अंदाज सरकला. सावली तुझ्यावरून गेली." मामाचा आवाज एकदम घाईचा झाला. "सांग ना. कसा गेला? विझत विझत गेला की एकदम?"

"एकदम. कुणी बोट ठेवावं तसा."

"आणि आला तो?"

"तोही एकदम."

"आणि मधे?"

आईने आठवायचा प्रयत्न केला. "मधे काहीच नव्हतं रे दादा. नुसता काळोख होता."

"काहीच नव्हतं असं नाही गं," मामा म्हणाला. "मधे तो होता."

आई रडायला लागली. मामा तिला समजावत राहिला, आणि समजावता समजावता पुन्हा पुन्हा तेच विचारत राहिला, की काळोख पूर्ण होता का, कडेला काही उजेड राहिला होता का, त्या वेळी तुला काय वाटलं.

पुढचे काही दिवस मामा ठीक होता. म्हणजे दुकान उघडायचा, भिंगं घासायचा, गिऱ्हाइकांशी बोलायचा. फक्त 'लांबचं की जवळचं' विचारायचा नाही, नुसताच "बसा" म्हणायचा. आईने तिचा टिपलेला आवाज त्याला पाठवला होता. मामी सांगते की तो मागच्या खोलीत चाकापाशी बसून कानात वायर घालून ऐकायचा. बाहेर गिऱ्हाईक ताटकळायचं. मामी आत डोकावली तर तो डोळे मिटून बसलेला असायचा. तिने एकदा एक वायर आपल्या कानात घालून पाहिली. टोले पडत होते, कुकर वाजत होता, आणि आई म्हणत होती, 'अरे दादा...' मामीने वायर परत त्याच्या कानात घातली आणि बाहेर जाऊन गिऱ्हाइकाला म्हणाली, "आज यंत्र बिघडलंय. उद्या या."

ताऱ्यांच्या बाईंचा फोन आला तेव्हा त्या आनंदात होत्या. आईच्या पलीकडच्या दोन गावांतूनही तारा झाकलेला दिसला होता. मामाकडे तो झाकला गेला नाही यावरून लांबच्याची एक कड पक्की झाली होती. तो आधी वाटलं होतं त्यापेक्षा थोडा लहान निघाला होता, आणि पुरता गोलही नव्हता. "तुमचं 'नाही' आम्हाला नसतं मिळालं," त्या म्हणाल्या, "तर त्याची कड कुठे संपते ते कळलंच नसतं. आणि हो, सावलीची वाट मीच काढली होती. ती चुकली, त्याचं मला वाईट वाटतंय."

"छे, छे," मामा म्हणाला. "एवढ्या लांबच्या गोष्टीत इतकंसं इकडेतिकडे व्हायचंच. 'नाही' म्हणणाऱ्याचं काम मोठं असतं, हे पटतंय मला. मीच बहिणीला सांगून आलो होतो तसं." मग म्हणाला, "पण मला एकदा 'हो' म्हणायचं होतं हो, बाई."

बाईंनी पलीकडे कागद चाळले. मग म्हणाल्या, "पुढचं पिधान कधी आहे ते बघून सांगते."

त्यांनी बघून सांगितलंही. पुढचं होतं ते समुद्रावर. त्याच्या पुढचं पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला, आणि तेही भरदिवसा. आपल्या बाजूला सावली पडायला किती वर्षं लागतील ते त्यांना सांगता येईना. मामाने "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. त्या रविवारी आईशी बोलताना त्याने तो विषय काढला नाही. आईनेही "काय काय दिसलं" विचारलं नाही. दोघं हवापाण्यावर बोलली आणि लवकर आटपलं. फोन ठेवल्यावर आई मला म्हणाली, "त्याच्याच नशिबी असायला हवं होतं गं. मी कोण? मी आपली त्याने बसवली तिथं बसले होते."

मी म्हटलं, "मग हे त्याला सांग."

"सांगितलं तर तो हसेल आणि विनोद करेल. नको."

दोन आठवड्यांनी मामाने आयुष्यात पहिल्यांदा दुकानाला सलग आठ दिवस कुलूप लावलं आणि मामीला घेऊन आमच्याकडे आला. दारात आईने विचारलं, "असा अचानक?" मामा म्हणाला, "तो तारा अजून संध्याकाळी वर असतो. थोडे दिवस असेल. तुझ्या गच्चीवरून बघायचा होता." मामी मागून म्हणाली, "आणि गच्चीच्या मालकिणीलाही. ते यांच्याकडून बोलवत नाही, म्हणून मी बोलते."

संध्याकाळी सगळे वर गेलो. आईने दुर्बीण लावली. हात आता सरावले होते. तीन तारे, जुळे, त्यांच्या खालचा एकटा. तारा सापडल्यावर ती स्टुलावरून उठली आणि मामाला बसवलं. तो वाकला. लांबचा आता ताऱ्यावरून सरकून पुढे गेला होता, अगदी केसभर, पण गेला होता.

"तू त्या दिवशी इथंच बसली होतीस?" मामाने डोळा न काढता विचारलं.

"इथंच."

"चिमणे, एकदा बोल ना. त्या दिवशी बोललीस तसं."

आईला आधी कळलं नाही. मग कळलं. तिने माझ्याकडे बघितलं, मामीकडे बघितलं, आणि मामाच्या अगदी शेजारी जाऊन उभी राहिली.

"दादा, गेला," ती म्हणाली.

मी बाजूला होते, मला मामाचा चेहरा दिसत होता. त्याने भिंगाला लावलेला डोळा मिटला. दुसरा आधीच मिटलेला होता. आई त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभी होती आणि तिचे ओठ हलत होते, ती मनात मोजत होती. मामी तोंडाला पदर लावून जिन्यापाशी गेली. खाली रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली. आई मोजतच राहिली. मला वाटलं, ती विसरली.

"आला," ती म्हणाली.

मामाने डोळा उघडला आणि ताऱ्याकडे पाहिलं. मग सरळ होऊन बसला, खिशातून चष्मे पुसायचा मऊ कपडा काढून डोळे पुसले, दुर्बिणीचं भिंगही पुसलं.

"थोडा जास्तच वेळ धरलास," तो म्हणाला.

"असू दे," आई म्हणाली.